शेलूबाजारच्या मुलीने जगाचा कारभार शिकावा काय?



मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजारहून एका वाचक शेतकऱ्याचे पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी यंदा बारावीला आहे. आपण बी. ए. करणार, पण 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा मुख्य विषय घेऊनच, असे तिने घरात जाहीर केले आहे. कुठल्याशा खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रकही तिने मिळवले आहे. त्यात फीचा आकडा वर्षाला काही लाखांचा आहे. पत्रलेखक म्हणतात, "सात एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर. मुलीचे मन राखायचे तर एक एकर काढावे लागेल. काढूही. पण हे शिकून ती करणार काय? आणि आमच्या वावराचा नि त्या परदेशच्या भानगडींचा संबंध काय?" पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्या मुलीच्या आईच्या असाव्यात. "तिला नाही म्हणवत नाही. पण खरे असेल ते सांगा."

असा प्रश्न आता बऱ्याच घरांत निघू लागला आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो. आणि भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. वावराचा आणि परदेशाचा संबंध नसता, तर बाकीच्या प्रश्नांत पडण्याचे कारणच उरले नसते.

हा संबंध आजचा नाही. आपल्या वऱ्हाडाला तो दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये एकमेकांशी लढू लागली. इंग्लंडातल्या गिरण्यांना कापूस मिळत असे तो मुख्यतः दक्षिणेकडचा. त्या बंदरांना उत्तरेने वेढा घातला, गिरण्या उपाशी राहिल्या, आणि मुंबईत कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. आपल्या पणजोबांच्या आज्यांनी ज्वारी मोडून कापूस लावला. १८६५ साली तिकडे लढाई संपली, आणि इकडे भाव कोसळले. मुंबईत तर सट्टेबाजांची दिवाळी निघाली. पुढे १८७० साली खामगावपर्यंत कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. हिंदुस्थानचा सर्वांत मोठा साहेब खामगावच्या कापूस बाजारात कशाला येतो, हे त्या वेळी किती शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगितले असेल?

आता तुमच्या सोयाबीनकडे या. शंभर किलो सोयाबीन गाळले की साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशीच्या आसपास पेंड. म्हणजे तुमच्या पोत्याची किंमत दोन पायांवर उभी असते, एक पाय तेलाचा आणि दुसरा पेंडीचा. आपला देश खातो त्यातले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातल्या पिशवीचा भाव कसा उडाला होता, ते घरातल्या बायांना विचारा. त्यांना तारीख नसेल आठवत, भाव आठवेल.

दुसरा पाय पेंडीचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. कोंबडीखाद्यवाल्यांनी ओरड केली, आणि केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड बाहेरून आणण्याची परवानगी दिली. तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची, जे पेरायला आपल्याला मनाई आहे. तुमचा नवा माल बाजार समितीत आला तोवर भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. एकट्या त्या परवानगीमुळेच तो पडला असे मी म्हणणार नाही. नवे पीक आले की भाव उतरतोच. पण हर्रासात उभ्या असलेल्या माणसाला यातले काय ठाऊक होते? त्याने अडत्याला शिव्या दिल्या आणि पोते टाकून तो घरी गेला.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला. सगळीकडे आनंदीआनंद झाला, की आता सोयाबीन चढणार. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात मात्र भाव चार हजारांच्या वरखालीच घोटाळत राहिला. कारण तेलाचा पाय वर उचलला तरी पेंडीचा पाय खाली रुतला होता. दक्षिण अमेरिकेत अफाट पीक आले होते, आणि आपल्या पेंडीला बाहेर गिऱ्हाईक नव्हते. दोन्ही पायांकडे एकदम पाहणारा माणूस त्या आनंदात सामील झाला नसता. मग २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तोच कर पुन्हा खाली आणला गेला.

तुरीचेही तसेच. २०१६ साली भारताने आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाशी डाळी घेण्याचा करार केला, २०२१ मध्ये मलावी आणि म्यानमारशी. आफ्रिकेतली तूर आपल्या आधी निघते. तुमची तूर फुलोऱ्यावर असते आणि तुम्ही अळीच्या फवारणीच्या चिंतेत असता, तेव्हा तिकडची तूर बोटीतून न्हावा शेव्याच्या बंदरात उतरत असते. ज्या कागदावर दिल्लीत आणि त्या देशाच्या राजधानीत सह्या झाल्या, त्या कागदाने तुमच्या तुरीची वेळ बिघडवली. शहरातल्या गरिबाला डाळ स्वस्त मिळावी हेही सरकारचे काम आहे, ते मी नाकारत नाही. पण सह्या करताना टेबलापाशी कोरडवाहू तुरीचा हिशेब मांडणारा कोणी होता काय, हा प्रश्न उरतोच.

संत्र्याचे तर तुमच्या तालुक्यातल्या बागायतदारांना सांगायला नको. विदर्भाच्या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर आपला आयात कर पायरीपायरीने चढवत नेला. किलोला २० च्या आसपास होता, तो २०२३ पर्यंत ८० च्या पुढे गेला. फळ गोड तेवढेच राहिले आणि गिऱ्हाईक गेले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला, तेव्हा कापडवाल्यांना आधार म्हणून आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयात कर त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत उठवला. वॉशिंग्टनमधल्या एका सहीचा धक्का पऱ्हाटीच्या बोंडापर्यंत यायला पंधरा दिवसही लागले नाहीत.

भाऊ, तुमची लेक जे शिकायचे म्हणते आहे ते हेच आहे. देश एकमेकांशी का भांडतात, करार कसे होतात, कोण कोणावर कशाच्या जोरावर दाब आणतो, याचे शास्त्र. पहिल्या महायुद्धात लाखो माणसे मेली (आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतलेही जवान त्यात होते), आणि अशी लढाई पुन्हा होऊ नये म्हणून तिची कारणे तरी शिकू या, अशा हेतूने १९१९ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतात ॲबरिस्टविथ या गावी या विषयाचे पहिले अध्यासन निघाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत यासाठी स्वतंत्र संस्था काढण्यात आली. ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. पदवीच्या अभ्यासात दोन महायुद्धे येतात, संयुक्त राष्ट्रे येतात, भारताचे परराष्ट्र धोरण येते, नद्यांच्या पाण्याचे तंटे येतात, १९९५ साली निघालेली जागतिक व्यापार संघटना येते. माझी एक तक्रार आहे. या पुस्तकांत तोफा आणि तह पुष्कळ असतात, शेती मात्र फार थोडी असते. जागतिक व्यापार संघटनेत आपल्या हमीभावावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. किमान भावाने धान्य खरीदून साठवायचे ते किती, यावर २०१३ साली बालीच्या परिषदेत तात्पुरती तडजोड झाली, पण कायमचा तोडगा निघालेला नाही. असल्या बोलण्यांत बसणाऱ्याला क्विंटलचा खर्च तोंडपाठ पाहिजे. सात एकरांच्या घरातली मुलगी तो घरून घेऊन जाते, तो कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न : ती करणार काय? इथे आईने सांगितल्याप्रमाणे खरे तेच सांगतो.

या विषयाची पदवी म्हणजे नोकरीचा कागद नव्हे. डी. एड., नर्सिंग किंवा कृषी पदविका घेतली की दार कोणते ठोठवायचे ते ठाऊक असते, तसे इथे नाही. माहितीपत्रकात परदेशी वकिलातींचे आणि संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीचे फोटो असतात. त्या फोटोंवर जमीन विकू नका. भारतीय परराष्ट्र सेवेत, म्हणजे आपल्या वकिलातींत अधिकारी म्हणून जायचे तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. तिला अर्ज करणारे दहा लाखांच्या आसपास असतात आणि परराष्ट्र सेवेत निवडले जातात ते जेमतेम चाळीस-पन्नास. आणि गंमत अशी, की त्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. बी. एस्सी. चालते, कृषी पदवी चालते, साधे बी. ए. चालते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. तिथे 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेता येतो, एवढा पदवीचा फायदा जरूर आहे. पण त्यासाठी लाखांची फी भरलेली पावती कोणी मागत नाही.

आपल्या माणसांनी हे कसे केले ते पाहा. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो वेदवाङ्मयातल्या धर्मावर. जगाच्या राजकारणाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते, आणि १९५९ च्या डिसेंबरात त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी त्या प्रदर्शनाला हजर होते. पापळच्या माणसाने जगाला आपल्या अंगणात शेती बघायला बोलावले, असे म्हटले तरी चालेल.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ज्ञानेश्वर मुळे हे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाट या गावचे. १९८३ साली ते परराष्ट्र सेवेत गेले. पहिली नेमणूक जपानला, तिथे ते जपानी भाषा शिकले. पुढे मालदीवमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले आणि परराष्ट्र मंत्रालयात सचिवपदापर्यंत पोचले. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचे आत्मकथन तालुक्याच्या वाचनालयात मिळाले तर मुलीला जरूर द्या, आणि तिचे झाले की तुम्हीही वाचा. २०१७ पासून पासपोर्टची केंद्रे पोस्टाच्या कचेऱ्यांत निघू लागली. ती निघावीत म्हणून मंत्रालयात खटपट करणाऱ्यांत मुळ्यांचे नाव घेतले जाते. पासपोर्टसाठी मुंबई-नागपूरला खेटे घालणे म्हणजे काय, हे अब्दुल लाटच्या माणसाला कोणी समजावून द्यावे लागले नसणार.

पण सगळ्या मुली काही वकिलातीत जाणार नाहीत, आणि जायला पाहिजेत असेही नाही. शेतमाल बाहेर पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या उत्पादक कंपन्या आहेत, १९८६ पासून काम करणारी अपेडा ही सरकारी संस्था आहे, वर्तमानपत्रे आहेत, प्राध्यापकी आहे. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली, कारण वेलीची वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश त्यांच्या नियमापेक्षा जास्त निघाला. बागायतदार आणि निर्यातदार दोघेही त्यात होरपळले. तिकडचे नियम वेळेवर वाचून साध्या मराठीत बागेपर्यंत पोचवणारी माणसे आपल्याला हवी आहेत, आणि ती फार थोडी आहेत.

यात भाषेचे मोल मोठे. इंग्रजी तर हवीच. पण माझे मत असे, की तुमच्या लेकीने पोर्तुगीज किंवा स्पॅनिश यांतली एक भाषा धरावी. पोर्तुगीज कशाला, असे तुम्ही विचाराल. सोयाबीनमध्ये तुमचा सर्वांत मोठा भाऊबंद-स्पर्धक ब्राझील, आणि तुरीत मोझांबिक. दोन्हीकडे कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो. अर्जेंटिनात स्पॅनिश. तिकडचे पीक कसे आहे हे तिकडच्याच वर्तमानपत्रात वाचू शकणारी मुलगी वाशीम जिल्ह्यात आज किती असतील?

आता पैशांकडे येतो. एक एकर काढू नका. हे मी स्पष्ट लिहितो, कारण या विषयात महाग तेच चांगले असे मुळीच नाही. पदवीला 'आंतरराष्ट्रीय संबंध' हेच नाव हवे असा हट्ट धरला तर खासगी विद्यापीठांकडे वळावे लागते. सरकारी विद्यापीठांत या नावाची पदवी कमी ठिकाणी आहे, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात ती आहे. नावाचा हट्ट सोडला तर मात्र दारे पुष्कळ आहेत. आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करता येते. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो. राज्यशास्त्र मुख्य आणि अर्थशास्त्र जोडीला, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. आयात कर म्हणजे काय हे न कळता करार कळत नाहीत. फी काही हजारांत भागते. मग एम. ए. ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हाच विषय नावासकट घ्यावा. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांतही राज्यशास्त्राच्या विभागांत तो शिकवला जातो. भाषेसाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आहे. नेहरू विद्यापीठात तर पदवीलाच परदेशी भाषा घेता येते.

वहिनी, तुमच्या दोन ओळींत न लिहिलेलेही मला वाचता आले. पोर एवढ्या लांब जाणार, तीही एकटी. शेलूबाजारला आता समृद्धी महामार्गाची वाट आहे, नागपूर आणि मुंबई दोन्ही जवळ आली. पण रस्ता जवळ आला म्हणून आईची काळजी कमी होत नाही, आणि नातेवाईकांची तोंडे तर मुळीच बंद होत नाहीत. मी एवढेच सुचवतो : पहिली तीन वर्षे अमरावतीला किंवा नागपूरला काढू द्या. तिथे ती वसतिगृहात राहायला शिकेल, इंग्रजी सुधारेल, स्वतःचा खर्च लिहायला शिकेल. तोवर तिची आवड टिकते की माहितीपत्रकाबरोबर उतरते, तेही तिचे तिला कळेल. टिकली, तर दिल्लीला जाताना ती वीस-एकवीस वर्षांची जाणती मुलगी असेल. मात्र तीन वर्षे झाली की "आता पुरे, स्थळ आले आहे" असे म्हणू नका. तसे करायचे असेल तर आजच सांगून टाका, म्हणजे ती दुसरे काही तरी मनाजोगे शिकेल. अर्ध्या वाटेवरून परत आणलेली मुलगी मी पाहिली आहे. त्यापेक्षा न पाठवलेली बरी.

दिल्लीला पदवीसाठीच जायचा तिचा निश्चय असेल, तर केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाला २०२२ पासून एकच सामायिक परीक्षा असते, तिला सीयूईटी म्हणतात. ती मराठीतूनही देता येते, पण परदेशी भाषेच्या पदवीसाठी इंग्रजीचा पेपर पाहावा लागतो. अर्ज बारावीची परीक्षा होण्याच्या सुमारासच, वर्षाच्या पहिल्या महिन्यांत निघतात आणि मुदत थोडी असते. निकालाची वाट पाहत बसलात तर गाडी गेलेली असते. वसतिगृह पहिल्या दिवशी मिळेलच असे धरून चालू नका, दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्याची तजवीज आधी करून ठेवा. पुढे लोकसेवा आयोगाच्या तयारीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांना मदत देतात, आणि अनुसूचित जातीच्या मुलामुलींना परदेशी शिकायला राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तुमच्या प्रवर्गाला काय लागू पडते ते वाशीमच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, कारण जूनमध्ये तहसीलला रांग लागते.

आणि मुलीला एक काम आजपासून सांगा. दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर बाजार समितीचा सोयाबीन आणि तुरीचा त्या दिवशीचा भाव लिहायचा. उजव्या पानावर त्याच दिवशीची बाहेरच्या देशातली पीक, कर, बंदर किंवा लढाई यांची बातमी. संध्याकाळी जेवताना तिने ती दोन्ही पाने तुम्हाला वाचून दाखवायची. चार महिन्यांनी मला पुन्हा पत्र टाका, आणि त्या वहीतली चार पाने सोबत पाठवा.